सिव्हिल वॉर: दोन खऱ्या बाजू आणि एक आयता खलनायक

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाच्या ‘सिव्हिल वॉर’ या कॉमिक्स मालिकेचे सात अंक २००६ आणि २००७ या दोन वर्षांत निघाले. लेखन मार्क मिलर यांचे आणि रेखाटन स्टीव्ह मॅकनिव्हन यांचे आहे. हे सातही अंक एकत्र असलेली आवृत्ती मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्यांपैकी एकाकडून घेतली. समाजात दुफळी कशी माजते आणि सत्ता हाती आलेली माणसे स्वतःला काय समजावत जातात, या प्रश्नांची ज्यांना आस्था आहे, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे, असे माझे मत आहे. त्याचा पहिला अर्धा भाग कॉमिक्समध्ये क्वचित दिसणाऱ्या प्रामाणिकपणाने लिहिला आहे. उत्तरार्धात लेखकाचे धैर्य कमी पडते, आणि ते नेमके कोठे कमी पडते हे पाहणेही तितकेच उद्बोधक आहे.

कथेची सुरुवात अमेरिकेतील स्टॅमफर्ड या गावी होते. नवख्या अतिमानवी वीरांचा एक गट दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमासाठी चित्रीकरण चालू असताना काही गुन्हेगारांवर छापा घालतो. त्यांच्यातील नायट्रो नावाचा गुन्हेगार शाळेजवळ स्वतःचा स्फोट घडवतो आणि मुलांसह शेकडो माणसे मरतात. लोकक्षोभ उसळतो आणि सरकार नोंदणीचा कायदा आणते. अतिमानवी शक्ती असलेल्या प्रत्येकाने सरकारपुढे आपली खरी ओळख उघड करावी, प्रशिक्षण घ्यावे आणि सरकारच्या अधिकाराखाली काम करावे, असा त्याचा आशय आहे. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, कायद्याच्या बाजूने उभा राहतो. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, विरोधात जातो आणि भूमिगत होतो.

दोन्ही बाजूंना खरे बळ आहे, ही या मांडणीची मोठी जमेची बाजू. पोलिसाला बिल्ला असतो, डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो आणि चूक झाली तर दोघांनाही जाब द्यावा लागतो. मग एका ठोशात इमारत पाडू शकणाऱ्याने कोणालाच जाब का देऊ नये, हा स्टार्कच्या बाजूचा प्रश्न आहे. स्टॅमफर्डच्या शोकसभेत मुलगा गमावलेली एक आई स्टार्कच्या तोंडावर थुंकते, आणि तेथून पुढे त्याच्या प्रत्येक निर्णयामागे तो अपमान आणि ती अपराधी भावना असल्याचे जाणवत राहते. उलट बाजूला, आज ज्या सरकारच्या हाती ही यादी जाईल ते उद्या बदलू शकते आणि शत्रू कोणाला म्हणायचे हे एकदा सत्तेने ठरवले की वीर हे सत्तेचे हत्यार होतात, असे रॉजर्सला वाटते. २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत ‘पॅट्रिअट अ‍ॅक्ट’ आला, सरकारचे पाळत ठेवण्याचे अधिकार वाढले आणि सुरक्षितता की स्वातंत्र्य हा वाद घराघरांत पोहोचला. त्या वातावरणात ही कथा लिहिली गेली. तो काळ ठाऊक नसणाऱ्या वाचकालाही ती कळते, कारण असा कायदा आणि अशी भीती कोणत्याही देशात संभवते.

पहिल्या अंकातील एक प्रसंग मला संपूर्ण पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. शिल्ड या सुरक्षा संघटनेची प्रमुख मारिया हिल रॉजर्सला विमानवाहू तळावर बोलावते आणि कायदा न मानणाऱ्यांना पकडण्याच्या मोहिमेचे नेतृत्व करशील का, असे विचारते. तो नकार देतो, आणि त्याच क्षणी सशस्त्र तुकडी त्याच्यावर चालून येते. कायदा तेव्हा अजून मंजूरही झालेला नाही. न झालेल्या गुन्ह्यासाठी, केवळ पुढे विरोध करील या अंदाजावर, एका माणसाला शत्रू ठरवले जाते. आणि तो तेथून निसटतो तेव्हा खरोखरच बंडखोर झालेला असतो. दुफळी अशी तयार होते. आधी मतभेद असतो, मग समोरच्याच्या हेतूबद्दल तर्क सुरू होतो, आणि त्या तर्कानुसार आपण वागलो की समोरचाही तसाच वागू लागतो. हिल येथे दुष्ट नाही, ती घाबरलेली आहे आणि तिच्या हाती यंत्रणा आहे. एखाद्या पात्राला विरोधी भूमिकेत नेण्यासाठी लेखकाने दिलेला याहून खरा हेतू मी कॉमिक्समध्ये फारसा पाहिलेला नाही.

या माध्यमाचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे या प्रसंगाचे महत्त्व कळते. १९५४मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता घालून घेतली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे चित्रण करू नये, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रस्थापित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असे काही दाखवू नये, आणि प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच विजय व्हावा, अशी तिची कलमे होती. अशा चौकटीत खलनायकाला हेतू उरणार तरी कोठून? सोने, सूड किंवा जगावर राज्य, एवढेच त्याच्या वाट्याला येत असे. १९७१मध्ये ही संहिता सैल झाली आणि १९७४मध्ये, वॉटरगेट प्रकरण गाजत असताना, कॅप्टन अमेरिकाच्या एका कथेत गुप्त कटाचा सूत्रधार थेट व्हाइट हाउसमध्ये सापडला. निराश झालेल्या कॅप्टनने तेव्हा आपला वेशच उतरवून ठेवला होता. १९६३पासून मार्व्हलच्याच ‘एक्स-मेन’ कथांत निव्वळ दुष्ट म्हणून वावरणाऱ्या मॅग्नेटोला १९८१मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या मुलाचा भूतकाळ मिळाला. माणसांनी आपल्या समाजाला यादीत बसवले की पुढे काय होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून तो माणसांवर विश्वास ठेवत नाही. त्याच्या कृत्यांचे समर्थन करता येत नाही, पण त्याचे म्हणणे खोडताना वाचकाला थांबून विचार करावा लागतो.

माझ्या पिढीने मराठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे फँटम हा वीर, वाचला आणि अमर चित्रकथांमधले असुर पाहिले. त्यांतील दुष्ट माणूस चेहऱ्यावरूनच ओळखू येई. त्या वाचनावर माझे प्रेम आहे. मात्र सत्ता आणि हेतू यांविषयी विचार करण्याची सवय त्या वाचनाने लावली नाही, हेही खरे आहे.

‘सिव्हिल वॉर’मध्ये मॅग्नेटोचे ते ओझे एका छोट्या संवादातून येते. तिसऱ्या अंकात स्टार्क म्युटंट समाजाचा, म्हणजे मॅग्नेटोसारख्या जन्मतःच अतिमानवी शक्ती असलेल्यांचा, पाठिंबा मागायला जातो, तेव्हा त्यांच्या नेत्यांपैकी एक असलेली एमा फ्रॉस्ट त्याला जेनोशा या म्युटंटांच्या देशातील संहाराची आठवण करून देते. तेथे लाखो म्युटंट मेले तेव्हा तुमचे वीर कोठे होते, असा तिचा रोख आहे. ती कोणाच्याही बाजूने लढायला नकार देते. दोन बलाढ्य गटांच्या भांडणात तिसऱ्याचे दुःख कोणाच्याच हिशेबात नसते, ही गोष्ट लेखकाने मोजक्या चौकटींत सांगितली आहे. दुर्दैवाने हा धागा पुढे सुटून जातो.

उत्तरार्धाबद्दल माझी खरी तक्रार आहे. चौथ्या अंकापासून स्टार्कची बाजू एकापाठोपाठ एक अशी कृत्ये करू लागते की वाचकाला वाद तोलून पाहण्याची गरजच उरत नाही. थॉर या हातोडाधारी वीराची यंत्राच्या साहाय्याने घडवलेली प्रतिकृती युद्धात उतरवली जाते आणि ती रॉजर्सच्या गटातील बिल फॉस्टर ऊर्फ गोलायथला ठार मारते. पकडलेल्यांना दुसऱ्या मितीतील तुरुंगात डांबले जाते. शेवटी स्टार्कचा गट खुनी गुन्हेगारांनाच सरकारी सेवेत घेऊन आपल्या जुन्या मित्रांच्या मागावर सोडतो. यातले प्रत्येक पाऊल स्टार्कच्या स्वभावातून उलगडले असते तर ती फार मोठी शोकांतिका झाली असती. आपण टाळले तर याहून वाईट काही होईल, या भीतीने एक सुज्ञ माणूस हळूहळू काय काय मान्य करत जातो, ते दिसले असते. पण त्या निर्णयांच्या आतल्या खोलीत लेखक आपल्याला नेत नाही. आपल्याला परिणाम दिसतात, मन दिसत नाही. त्यामुळे नोंदणी योग्य की अयोग्य हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो आणि त्याच्या जागी ‘कोण अधिक क्रूर’ हा सोपा प्रश्न येतो. खलनायकाशिवाय सुरू झालेल्या कथेने एक खलनायक शोधून काढला, असे मला वाटले.

मुंबईत राहणाऱ्याला हा भाग अधिक टोचतो. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी एकाच शिवसेनेच्या दोन गटांचे दोन दसरा मेळावे याच शहरात झाले, एक शिवाजी पार्कवर आणि दुसरा वांद्रे-कुर्ला संकुलात. दोन्हीकडे वारसा एकाच नेत्याचा सांगितला गेला आणि दोन्हीकडे समोरच्यांना गद्दारी किंवा विचारांचा त्याग यांचा दोष दिला गेला. कोण बरोबर, याचा निवाडा करणे हे या परीक्षणाचे काम नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, त्या दिवशी मैदानात बसलेल्यांपैकी कोणीही स्वतःला खलनायक समजत नव्हते. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेली माणसे, एकाच चाळीत राहिलेली कुटुंबे, दोन दिशांना गेली आणि दोन्हींना आपण निष्ठा राखली असे मनापासून वाटत होते. दुफळीतली खरी वेदना ती आहे. रॉजर्स आणि स्टार्क यांच्या जुन्या मैत्रीत ती वेदना आहे, पण पुस्तक तिच्यापर्यंत जाता जाता प्रतिकृतीच्या हातोड्याकडे वळते.

बाजू बदलणाऱ्या पात्रांनी मात्र उत्तरार्ध तोलून धरला आहे. स्पायडरमॅन दुसऱ्या अंकाच्या अखेरीस पत्रकार परिषदेत मुखवटा काढतो. स्टार्कवरील विश्वासापोटी तो आयुष्यभर जपलेले गुपित देऊन टाकतो आणि नंतर तुरुंग पाहून त्याला त्या विश्वासाची किंमत कळते. सू स्टॉर्म गोलायथच्या मृत्यूनंतर स्टार्कच्या बाजूने असलेल्या पती रीड रिचर्ड्सला सोडून विरोधी गटात जाते. घरातल्या घरात पडलेली ही फूट मोठ्या लढायांपेक्षा अधिक काळ मनात राहते. रॉजर्सच्या बाजूलाही लेखकाने सूट दिलेली नाही. त्याच्या गटात सामील व्हायला आलेल्या दोन गुन्हेगारांना पनिशर, गुन्हेगारांना स्वतःच ठार मारत फिरणारा माणूस, सर्वांसमोर गोळ्या घालतो. रॉजर्स त्याला बेदम मारतो आणि पनिशर उलट हातही उगारत नाही, कारण तो रॉजर्सला आदर्श मानतो. आपल्या बाजूला कोण येऊन उभे आहे आणि ते आपल्यात काय पाहतात, हे प्रत्येक नेत्याला भेडसावणारे संकट येथे तीन-चार पानांत आले आहे.

शेवटच्या लढाईत रॉजर्स जिंकण्याच्या बेतात असताना अग्निशामक दलाचे जवान आणि इतर सामान्य नागरिक त्याच्यावर झेप घेऊन त्याला रोखतात. उद्ध्वस्त रस्ता पाहून तो शस्त्र टाकतो. आपण जिंकत होतो, असे त्याचे सहकारी म्हणतात. आपण नुसते लढत होतो, हे त्याला उमगते. कल्पना चांगली आहे. तरीही सात अंकांत या नागरिकांना दोनच जागा मिळतात, आरंभी शोक करणाऱ्यांची आणि शेवटी अडवणाऱ्यांची. ज्यांच्या सुरक्षिततेसाठी कायदा आला, त्यांना नोंदणीविषयी काय वाटते, हे त्यांच्या तोंडून सविस्तर ऐकायला मिळत नाही. कायदा कायम राहतो, स्टार्क शिल्डचा प्रमुख होतो आणि सत्तेला जाब कोण विचारणार, हा प्रश्न आधी होता तेथेच उरतो.

याच कथेवर बेतलेल्या २०१६च्या ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या चित्रपटाशी तुलना केली तर एक गोष्ट लक्षात येते. चित्रपटाने झेमो हा खलनायक आणला आणि त्याला साधा, समजण्याजोगा हेतू दिला. वीरांच्या लढाईत त्याचे कुटुंब मेले, म्हणून तो त्यांना आतून फोडू पाहतो. त्यामुळे स्टार्कवर दुष्टपणाचे ओझे लादावे लागले नाही आणि दोन मित्रांचे भांडण अखेरपर्यंत माणसांचे राहिले. नोंदणी आणि नागरी हक्क यांचा विचार मात्र कॉमिक्समध्येच अधिक विस्ताराने आला आहे.

मॅकनिव्हन यांच्या रेखाटनाला माझी मनापासून दाद आहे. चेहरे बोलके आहेत, गर्दीच्या दृश्यांतही प्रत्येक पात्र ओळखू येते, आणि मॉरी हॉलोवेल यांच्या रंगसंगतीने सगळ्याला वृत्तपत्रातील छायाचित्रासारखी गंभीर छटा आली आहे. दोन पानांवर पसरलेली चित्रे मात्र बांधणीत थोडी गिळली जातात. जुनी प्रत घेताना मधली पाने सुटलेली नाहीत ना, हे उघडून पाहावे. किंग्ज सर्कलला किंवा फ्लोरा फाउंटनजवळच्या विक्रेत्यांकडे सुटे अंकही कधीकधी हाती लागतात, पण सातांचा संच जुळेलच असे नाही. या आवृत्तीत केवळ मुख्य मालिका आहे. ज्या अनेक उपकथानकांत पात्रांची मने अधिक उलगडतात, ती वेगळी घ्यावी लागतात, आणि शरणागतीनंतर रॉजर्सचे काय झाले हे येथे कळत नाही. त्यासाठी २००७ सालचा ‘कॅप्टन अमेरिका’चा पंचविसावा अंक, एड ब्रुबेकर यांनी लिहिलेला, जोडीने मिळवावा. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला हे पुस्तक खुशाल द्यावे. शक्य असेल तर चौथा अंक उघडण्यापूर्वी तो कोणाच्या बाजूने आहे आणि का, हे त्याला विचारून घ्यावे.