हिवाळ्यात एकट्यानं फिरायला: स्टॉकहोम की कोपनहेगन?

स्कॅन्डिनेव्हियात हिवाळ्यात जायचं म्हटलं की घरचे, मित्र, ऑफिसातले सगळे थंडीबद्दलच बोलतात. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो. अडचण अंधाराची आहे. २१ डिसेंबरच्या आसपास स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. डेन्मार्कमधलं कोपनहेगन बरंच दक्षिणेला असल्यामुळे तिथे साडेतीन-पावणेचारपर्यंत उजेड टिकतो. सोबत कोणी असेल तर काळोखी संध्याकाळ गप्पांत निघून जाते. एकट्या माणसाचे दुपारी तीन ते रात्री दहा हे तास शहरालाच भरून काढावे लागतात, म्हणून मी ही दोन शहरं मुख्यतः त्या तासांवरून जोखते.

माझं मत आधीच सांगून टाकते. डिसेंबरात जाणार असाल, पहिल्यांदाच एकटे निघाला असाल आणि हातात चार-पाच दिवसच असतील तर कोपनहेगन. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जाणार असाल तर स्टॉकहोम. नॉर्दर्न लाइट्ससाठीच जायचं असेल तर या दोन्हींचा नाद सोडा आणि नॉर्वेतलं ट्रॉम्सो किंवा स्वीडनच्या उत्तरेचं आबिस्को पाहा.

डिसेंबरात कोपनहेगन का, ते आता सांगते. विमानतळावरून मेट्रो पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यात आणते आणि ही मेट्रो चोवीस तास चालते. रात्री बाराला उतरलात तरी टॅक्सी शोधत उभं राहावं लागत नाही. एकट्यानं प्रवास करताना पहिल्याच रात्री एवढा दिलासा फार मोठा वाटतो. मधलं शहर लहान आणि सपाट आहे. न्यूहाउनच्या रंगीत घरांपासून रुंडेटोर्न या १६४२ साली पूर्ण झालेल्या गोल मनोऱ्यापर्यंत सगळं पायी होतं. मनोऱ्यात जवळपास वरपर्यंत पायऱ्या नाहीत, गोल फिरत जाणारा उतार आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरत असले तरी वर जाता येतं.

अंधार पडला की टिव्होली आहेच. १८४३ सालची ही बाग मुख्य रेल्वे स्टेशनच्या समोरच आहे. नाताळच्या हंगामात ती दिव्यांनी भरलेली असते आणि तिथे एकटं फिरणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. पण नाताळचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपतो आणि बाग बंद होते. ‘हिवाळ्यात टिव्होली बघायचं’ असं मनात असेल तर तिकीट काढण्याआधी तारखा तपासाच.

मला स्वतःला तिथली संग्रहालयं टिव्होलीपेक्षा जास्त आवडतात. ग्लिप्टोटेक या शिल्पसंग्रहालयाच्या मधोमध काचेच्या घुमटाखाली ताडामाडांची बाग आहे. बाहेरच्या वाऱ्यातून आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरते, ती पुसेपर्यंत ओल्या मातीचा वास येतो आणि आखडलेले खांदे आपोआप खाली येतात. तिथल्या बाकावर तासभर बसलं तरी कोणी उठवत नाही. लुईझियाना हे आधुनिक कलेचं संग्रहालय शहराच्या उत्तरेला हुम्लेबेकला आहे, रेल्वेनं साधारण पस्तीस मिनिटं लागतात. मंगळवार ते शुक्रवार ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. दुपारी एकच्या सुमारास पोहोचायचं, उजेड आहे तोवर बागेतून समुद्र आणि पलीकडचा स्वीडनचा किनारा पाहायचा आणि अंधार पडला की आत जायचं. एकट्या माणसाला हिवाळ्यात याहून चांगला दिवस मिळणं कठीण. सोमवारी मात्र ही दोन्ही संग्रहालयं बंद असतात.

लिटिल मर्मेड? १९१३ सालचा सव्वा मीटर उंचीचा जलपरीचा तो पुतळा पाहायला वाऱ्याच्या किनाऱ्यानं बरंच चालावं लागतं. स्वच्छ ऊन असेल तर जा, नाहीतर सोडून द्या.

जानेवारीत हेच कोपनहेगन बदलतं. तापमान शून्याच्या आसपास, हवा ओली, आभाळ दिवसेंदिवस करडं. बर्फ पडला तरी फारसा टिकत नाही. समुद्रावरचा वारा कपड्यांत शिरतो आणि दोन अंशांतही अंगात भरतो. फेब्रुवारीत तिथे दिव्यांचा उत्सव, लाइट फेस्टिव्हल असतो, तो नक्कीच पाहण्यासारखा आहे. पण केवळ त्यावर सगळी सहल बेतू नये.

स्टॉकहोम त्याच काळात खुलतं. फेब्रुवारीच्या मध्याला तिथेही नऊ तासांच्या वर उजेड मिळतो. थंडी जास्त असली तरी पुष्कळदा कोरडी असते. बर्फाची हमी तिथेही नाही, पण शक्यता कोपनहेगनपेक्षा खूप जास्त. चौदा बेटांवर वसलेलं शहर, मधल्या पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असताना स्लुसेन धक्क्याहून युर्गोर्डन बेटावर जाणारी फेरीबोट घ्यावी. ती हिवाळ्यातही चालते आणि मेट्रोचंच तिकीट तिला चालतं.

युर्गोर्डनला वासा संग्रहालय आहे, आणि माझ्या मते दोन्ही शहरांत मिळून पाहण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर हीच. वासा ही स्वीडनच्या राजाची युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीवर निघाली आणि बंदर सोडण्याआधीच, जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडाली. वरचा भार जास्त, वाऱ्याच्या झोताने कलली आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. ३३३ वर्षांनी, १९६१ साली ती वर काढली. एवढी वर्षं लाकूड टिकलं, कारण लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात जगत नाही. एकोणसत्तर मीटरचं ते जहाज मंद उजेडात उभं आहे आणि त्याच्या भोवतीच्या मजल्यांवरून तळापासून माथ्यापर्यंत बघता येतं. वरच्या मजल्यावरून मागची कोरीव सिंहमुखं समोर येतात तेव्हा पाय हलत नाहीत. बुधवारी रात्री आठपर्यंत उघडं असतं, त्यामुळे तो दिवस यासाठी राखून ठेवा.

गामला स्तान या जुन्या भागात नोबेल संग्रहालय आहे. तिथल्या उपाहारगृहात खुर्चीत बसण्याआधी ती उलटी करून बघा, खाली नोबेल विजेत्यांच्या सह्या असतात. आणि अंधाराच्या तासांसाठी स्टॉकहोमकडे आणखी एक उपाय आहे, तिथली मेट्रो. शंभरपैकी नव्वदहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. एक तिकीट ७५ मिनिटं चालतं, तेवढ्यात टी-सेन्ट्रालेनच्या निळ्या वेली आणि सोल्ना सेंट्रुमचं लालभडक आकाश दोन्ही पाहून होतं.

स्टॉकहोमला पाऊल मात्र जपून टाकावं लागतं. फुटपाथवर खडी टाकलेली असते, ती बुटांच्या तळव्यात अडकून खोलीपर्यंत येते. उतारांवर आणि गामला स्तानच्या बोळांत घसरायला होतं. बुटांवर चढवायचे काटे तिथल्या दुकानांत मिळतात, पहिल्या दिवशीच घ्या. छपरावरून बर्फ पडण्याचा इशारा देणारी पाटी किंवा आडवी काठी दिसली तर रस्त्याच्या पलीकडून जा. गोठलेल्या तलावावर स्थानिक लोक स्केटिंग करताना दिसतील, तरी एकट्यानं त्या बर्फावर उतरू नका. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते आणि नकाशा त्याच्यातच असतो.

खाणं दोन्हीकडे महाग आहे, पण एकट्यासाठी सोय वेगवेगळी. कोपनहेगनला नोरेपोर्टजवळच्या टोर्वेहालर्ने बाजारात स्टुलावर बसून खाता येतं, शाकाहाऱ्यांसाठी राय या धान्याच्या पावावर बटाट्याच्या चकत्या घातलेलं स्मोरब्रोड असतं. स्टॉकहोमला कामाच्या दिवशी दुपारी अनेक उपाहारगृहांत ‘दागेन्स लुंच’ म्हणजे आजचं जेवण मिळतं, त्यात बहुधा सॅलड, पाव, कॉफी धरलेली असते. मोठं जेवण तेव्हाच उरकायचं आणि रात्री थोडक्यात भागवायचं. जानेवारी-फेब्रुवारीत बेकऱ्यांत सेमला येतात: वेलदोड्याच्या पावात बदामाचं सारण आणि वर क्रीम. वेलदोड्याचा तो वास घरापासून इतक्या लांब अनपेक्षितपणे भेटतो.

एक गोष्ट दोन्ही शहरांना लागू आहे. २४ ते २६ डिसेंबर हे दिवस एकट्यानं टाळा. २४ ची संध्याकाळ तिथे घरच्यांची असते, दुकानं आणि बहुतेक संग्रहालयं बंद होतात. २० डिसेंबरपर्यंत परत यायचं बेतलं तर नाताळचे बाजारही मिळतात आणि १३ तारखेचा लुसिया हा मेणबत्त्यांचा उत्सवही.

रोख पैसे स्टॉकहोमला जवळजवळ निरुपयोगी आहेत. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेली दोन कार्डं वेगवेगळ्या खिशांत ठेवा.

आठ-नऊ दिवस असतील तर निवड करायचीच गरज नाही. दोन्ही शहरांमध्ये रेल्वेनं सुमारे पाच-साडेपाच तास लागतात आणि गाडी २००० साली सुरू झालेल्या ओरेसुंड पुलावरून जाते. कोपनहेगनला उतरा, स्टॉकहोमहून परत या. शेंगेन व्हिसा एकच पुरतो. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून हॉटेलांचं बुकिंग करतानाच रात्री मोजून घ्या. हिवाळ्याच्या सहलीसाठी सप्टेंबरात अर्ज केलेला बरा.