लहान मूल आणि चार जणांचा तंबू: दिवाळी ते मे वापरल्यानंतर

दुकानात तंबू बघायला गेलं की बोलणं लगेच पावसावर येतं. किती मिलिमीटरचं कापड, किती वारा झेलेल, किती मिनिटांत उभा राहतो. आमच्याबरोबर दीड वर्षाची लेक होती आणि तिच्या दृष्टीने यातलं फारसं काही महत्त्वाचं नव्हतं. दिवाळीनंतर घेतलेला हा तंबू आम्ही मेअखेरपर्यंत पवना, भंडारदरा, भाटघरचा काठ आणि पाचगणीजवळचं एक शेत अशा ठिकाणी वापरला. आता लेक दोनाची झाली आहे आणि माझं मत पक्कं झालं आहे. मूल बरोबर असेल तर तंबूची परीक्षा दोनदा होते, दुपारी दीडला आणि रात्री अडीचला. दुपारी मूल आत झोपू शकतं का, आणि रात्री आपण निर्धास्त झोपू शकतो का, हे आधी बघा.

तंबू घुमटाकार, चार जणांसाठीचा, दोन पदरी आहे. आतला पदर बराचसा जाळीचा, त्यावर वेगळं कापड, ज्याला सगळे फ्लायच म्हणतात. तळ २.४ बाय २.१ मीटर, मध्यावर उंची १.३ मीटर, फायबरच्या दोन काठ्या, वजन पाच किलोच्या आसपास, किंमत साडेसात हजार. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच बांधणीचे तंबू वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला सांगायचंय ते बांधणीबद्दलच.

चार जणांचा म्हणजे माणशी साठ सेंटीमीटर, असा हिशोब असतो. त्यात मोठी माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील, पण मूल रात्रभर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. तिघांना हा तंबू बरोबर पुरतो. मूल मध्ये, आम्ही दोन बाजूंना, पायाशी कपड्यांची पिशवी, आणि डोक्याशी पाणी, टॉर्च, डायपर. दोन मुलं असतील तर सहा जणांचाच घ्या. उंची मात्र कमी पडते. लेक आत उभी राहून नाचते, पण मोठ्यांना गुडघ्यांवर बसूनच तिचे कपडे बदलावे लागतात. कंबर दुखणाऱ्यांनी पावणेदोन मीटर उंचीचा तंबू बघावा. त्याचं वजन वाढतं, पण गाडी तंबूपर्यंत जात असेल तर वजनाची काळजी कशाला?

आता तळाबद्दल. या तंबूची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तळाचं जाड कापड चारही बाजूंनी वीतभर वर येतं आणि तिथे जाळीला शिवलेलं आहे, कुठेही फट नाही. दार दोन चेनचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी याची किंमत वेगळीच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपले चार प्रमुख विषारी साप. त्यातली मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश बऱ्याचदा कळतही नाही, इतका कमी दुखतो. धोका विंचवाचाही आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, पण असा दंश लहान मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त धोक्याचा असतो. म्हणून उघड्या तळाचे, नुसती ताडपत्री अंथरून उभे करतात तसले तंबू मूल बरोबर असताना मी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळाले तरी.

चेन मात्र शिस्तीत लावावी लागते. आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी, पूर्ण, अगदी खालच्या टोकापर्यंत. बूट-चपला आत, पिशवीत ठेवायच्या आणि सकाळी झटकूनच घालायच्या. जिथे जाल तिथलं सर्वात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते उजेडी विचारून ठेवा. १०८ ला फोन लागेल एवढी रेंज तंबूपाशी आहे का, हेही तेव्हाच बघा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप शोधत किंवा मारत बसण्यात वेळ घालवायचा नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

थंडीचं म्हणाल तर भंडारदऱ्याने खूप शिकवलं. कळसूबाई १६४६ मीटर, पण आपण मुक्काम करतो तो तिच्या कितीतरी खाली, जलाशयाच्या आसपास. उंची फार नाही म्हणून थंडीही बेताची असेल असं वाटतं. आम्ही काठाजवळची सपाट जागा बघत होतो, तर शेतमालक मामा म्हणाले, “ताई, खाली नका लावू, लेकरू हाये. तिथं गारठा बसतो. वरच्या बांधाला लावा.” त्यांचं म्हणणं शब्दशः खरं. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा थंड होऊन जड होते आणि उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साठते. चाळीस-पन्नास पावलं वर गेलो तर फरक अंगाला जाणवला. पहाटे खाली दाट धुकं होतं आणि आमच्या तंबूवर फक्त दव.

थंडी वरून येते त्याहून जास्त खालून येते. जाड गोधडी अंगावर घेतली आणि खाली नुसती सतरंजी असेल तर पहाटे पाठ गारठते, कारण अंगाच्या भाराखाली दबलेल्या कापडात हवा उरत नाही आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. दबत नाही अशी फोमची चटई हवी. आम्ही जिगसॉसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या, मुलांच्या खेळण्याच्या जाड फोम टाइल्स तळभर पसरतो, त्यावर सासूबाईंनी जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी. माझ्या मते ही तंबूपेक्षाही मोलाची खरेदी आहे. लेकीला एकावर एक तीन पातळ कपडे, पायमोजे आणि कानटोपी, आणि तोंडावर येईल असं सैल पांघरूण नाही. मुलांचे हात नेहमीच गार लागतात, त्यावरून ठरवू नका. मानेमागे हात घालून बघा. तिथे ऊब असेल तर मूल ठीक आहे, घाम असेल तर एक कपडा कमी करा.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. विझत आलेली शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं ऊब म्हणून तंबूत कधीच घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅसची छोटी शेगडीही बाहेरच. दूध गरम करायला रात्री उठायचा कंटाळा येतो, म्हणून आम्ही झोपण्याआधी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवतो. नाचणीचं सत्त्व घरूनच भाजून न्यायचं, त्यात ते कालवलं की झालं.

थंडीत वरच्या खिडक्या बंद कराव्याशा वाटतात, तेही नको. तिघांच्या श्वासातली वाफ फ्लायला आतून लागते आणि पहाटे पाणी ठिबकतं. दोन पदरी तंबूचा फायदा असा की ते पाणी फ्लायवरून बाहेरच्या बाजूला ओघळतं, अंथरुणावर येत नाही. आमच्या ओळखीच्यांकडे एकपदरी, झटकन उघडणारा तंबू आहे. पवनेला ते शेजारीच होते आणि सकाळी त्यांच्या दुलया पिळाव्यात इतक्या दमट झाल्या होत्या.

दुपारची परीक्षा मार्चपासून सुरू होते. उन्हात उभा केलेला बंद तंबू अर्ध्या तासात असा तापतो की मोठ्यांनाही आत बसवत नाही, मुलाला झोपवायचं तर सोडाच. यावर उपाय एकच, फ्लाय काढून टाकायचा आणि नुसता जाळीचा पदर दाट सावलीत ठेवायचा. आंबा किंवा जांभूळ असेल तर उत्तम. जाळी चारही बाजूंनी असल्यामुळे वारा खेळतो, माश्या येत नाहीत, आणि लेक दीड-दोन तास छान झोपते. दुकानात हे जरूर तपासा: फ्लायशिवाय तंबू उभा राहतो का आणि जाळी किती आहे? पुष्कळ तंबूंना फक्त छताला हातभर जाळी असते, ते आपल्या उन्हाळ्यात कामाचे नाहीत. झाडाखाली जाताना आधी वर बघा. वाळकी फांदी नको, आणि आग्या मोहोळ तर मुळीच नको. धुराने आणि उग्र अत्तराने त्या माश्या उठतात, आणि लहान मूल घेऊन पळणं शक्य नसतं.

उणिवा आता. तंबूबरोबर आलेल्या खुंट्या बारीक तारेच्या होत्या आणि मुरमाड जमिनीत वाकल्या. नवऱ्याने रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून जाड लोखंडी खुंट्या आणि चांगली दोरी आणली, तेव्हापासून पाचगणीच्या वाऱ्यातही तंबू हलला नाही. ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधा, नाहीतर मूल संध्याकाळी हमखास त्यात अडखळतं. एका काठीचे तंतू सुटायला लागलेत. फायबरचं ते कुसळ हातात गेलं की दिसत नाही आणि निघतही नाही, म्हणून काठ्या लेकीच्या हाती देत नाही आणि त्या जागी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

पावसाचं दुकानातलं बोलणं मेमधल्या वळिवात तपासून झालं. कापड २००० मिलिमीटरचं, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब सोसणारं, आणि कापडातून खरंच थेंब आला नाही. आला तो खिडकीच्या शिवणीतून. शिवणीवरची पट्टी सुटत आली होती. दुकानदाराने शिवण वॉरंटीत धरत नाही म्हणून सांगितलं. एवढे पैसे घेतल्यावर हे उत्तर मला पटलेलं नाही, कारण गळतं ते शिवणीतूनच. वीज असेल तर मात्र तंबूच्या भरवशावर राहू नका. लांबवर गडगडायला लागलं की मुलाला उचलून गाडीत बसायचं आणि काचा वर करायच्या. गाडीचा लोखंडी सांगाडा विजेपासून वाचवतो, तंबू वाचवत नाही.

ज्यावर कुठल्याच तंबूचा इलाज नाही तो म्हणजे आवाज. शनिवारी पवनेच्या काठावर काही ठिकाणी रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालतात. तुंग, तिकोना, लोहगड समोर दिसत असताना माणसांना त्याची गरज का वाटते ते मला समजत नाही, आणि झोपलेलं मूल दचकून रडतं तेव्हा फार वाईट वाटतं. आता आम्ही रविवार-सोमवार धरतो, किंवा गावात कुणाच्या शेतात विचारून तंबू लावतो. त्यांना जागेचे आणि जेवणाचे पैसे द्यायचे, पिठलं-भाकरी गरम मिळते, अंगणात कोंबड्या असतात, लेकीला आणखी काय हवं? किल्ल्यावर किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू लावू नका. धरणाच्या पाण्यापासून तंबू लांब, दार पाण्याच्या उलट बाजूला, आणि मुलावर एकाची नजर कायम. तुमची पाळी, माझी पाळी असं बोलून ठरवलेलं बरं.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आधी भाड्याचा तंबू घ्यावा आणि घरापासून दोन तासांच्या आत जावं, म्हणजे मूल अजिबात रमलं नाही तर रात्रीसुद्धा परतता येतं. रमलं तर दोन पदरी, शिवलेल्या तळाचा, भरपूर जाळीचा तंबू घ्या आणि वाचलेले पैसे फोमवर घाला. मी हाच पुन्हा घेईन, फक्त अॅल्युमिनियमच्या काठ्यांचा मिळाला तर तो.

पावसाळ्यात तो माळ्यावर जाईल. त्याआधी गच्चीत दोन दिवस पसरून, शिवणींच्या घड्याही उलगडून कोरडा करायचा. ओला गुंडाळून ठेवलेल्या तंबूला बुरशी येते आणि आतला लेप चिकट होऊन सुटतो. तंबूबरोबर आलेल्या पिशवीत तो घट्ट कोंबूही नका. आम्ही तो जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवतो.