गार्सिनिया, ग्रीन कॉफी की फडताळातलं कोकम?

भाचीनं दोन बाटल्यांचे फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मावशी, वजन उतरवायला यातली कुठली घेऊ?’ एक गार्सिनिया कंबोजियाची, दुसरी ग्रीन कॉफी एक्स्ट्रॅक्टची. लग्न तीन महिन्यांवर आलंय हे तिनं लिहिलं नव्हतं, पण घागऱ्याचं माप देऊन झालंय हे मला ठाऊक आहे. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते. तिसरा उमेदवार माझ्यातर्फे, आपलं कोकम.

आधी गार्सिनिया. नाव परदेशी वाटतं, पण केरळात मीनकरीत टाकतात ती धुरावर वाळवलेली काळीकुट्ट कुडमपुळी म्हणजे हेच फळ. कर्नाटकात मलनाडच्या बाजूला त्याला उप्पगे म्हणतात. आपल्या रातांब्याचं, म्हणजे ज्याच्या सालीचं कोकम होतं त्या फळाचं, हे चुलत भावंड, दोघांचं कुळ एकच. आंबटपणा देणारं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल, म्हणजे बाटलीवर ‘एचसीए’ लिहिलेलं असतं ते, दोघांच्याही सालीत असतं. शरीर जास्तीच्या साखरेपासून चरबी बनवतं तेव्हा त्या साखळीत एक विकर (एन्झाइम) लागतं, आणि हे आम्ल त्या विकराला अडवतं. हे संशोधन खरं आहे. १९७०च्या दशकात उंदरांवर त्याचा परिणामही दिसला होता.

अडचण अशी की माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आपल्या अंगावरची चरबी बहुतेक ताटातल्या तेला-तुपातूनच येते. पिठा-साखरेची चरबी बनवण्याचं काम आपलं शरीर तुलनेनं फार थोडं करतं. जो रस्ता फारसा वापरातच नाही, तो अडवून काय होणार? १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी झाली. सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार, निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, निम्म्यांना नुसती पोकळ, म्हणजे औषध नसलेली, गोळी. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलो! हा फरक योगायोगानंही पडू शकतो एवढाच होता, तेव्हा गोळीनं वजन वाढतं असं कुणी म्हणू नये. पण गोळीनं उतरतं असंही म्हणता येत नाही. जे उतरलं ते ताटामुळे. २०११ साली अशा बऱ्याच चाचण्यांची एकत्र गोळाबेरीज झाली, तेव्हा गोळीच्या बाजूनं जेमतेम ०.८८ किलोचा फरक निघाला. त्यातल्या नीट काटेकोरपणे केलेल्या चाचण्या तेवढ्या मोजल्या, तर तोही टिकला नाही.

आता भाचीच्या बाटलीचा हिशेब. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ६० टक्के एचसीए, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. दिवसाला दोन घ्या म्हणून सांगितलंय, म्हणजे झाले ६००. ज्या चाचणीत काहीच निघालं नाही, तिच्या निम्म्याहूनही कमी. यावर कुणी म्हणेल, मग पाच घेऊ. तिथेच खरी भीती आहे.

कारण यकृत. २००९ साली अमेरिकेच्या अन्न-औषध यंत्रणेनं, एफडीएनं, हायड्रॉक्सीकट नावाची वजन उतरवायची उत्पादनं वापरू नका असं लोकांना सांगितलं. यकृताच्या त्रासाच्या २३ तक्रारी आल्या होत्या, एक माणूस दगावला होता. त्यातल्या काही मिश्रणांत गार्सिनिया होतं. बरेच घटक एकत्र असल्यामुळे सगळा दोष एकट्या गार्सिनियाच्या माथी मारता येणार नाही. पण पुढे नुसतं गार्सिनिया घेतलेल्यांच्याही नोंदी झाल्या. हे क्वचित होतं, मात्र कुणाला होईल ते आधी कळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर विषय तिथेच संपवा. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तरी तेच.

ग्रीन कॉफी म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क. त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाचा गाजावाजा असतो. या अर्काला प्रसिद्धी मिळाली ती २०१२च्या एका अभ्यासामुळे, आणि तो झाला होता आपल्याच बंगळुरात. माणसं किती? सोळा. पुढे अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेनं, एफटीसीनं, मुख्य संशोधकानं वजनाचे आकडे पुन्हा पुन्हा बदलल्याचा आरोप केला. अर्क विकणाऱ्या कंपनीनं २०१४ साली ३५ लाख डॉलर भरायचं कबूल केलं आणि निबंध मागे घेतला गेला. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. शिवाय त्यात कॅफीन असतंच, त्यामुळे ज्यांना चहानंही धडधडतं त्यांनी लांबच राहावं. दोन्हींतून निवडच करायची म्हटली तरी मी हिला उचलणार नाही.

त्रिफळ्याचं कुणीतरी विचारेलच. हिरडा, बेहडा, आवळा. पोट साफ होतं म्हणून सकाळी काटा जरा खाली दिसतो. ती चरबी नव्हे.

राहिलं कोकम. ते चरबी वितळवतं असं मी म्हणत नाहीये, आम्ल तेच तर आहे! सोलकढी पिऊन माणसं बारीक होत असती तर अख्खं सिंधुदुर्ग काडीसारखं दिसलं असतं. आणि कढीत नारळाचा रस असतो हे विसरून चालत नाही. पण कोकम माणसं पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत, चिमटीनं, आमटीत, उसळीत. अर्क करून कॅप्सूलमध्ये कोंबून नव्हे. बाटलीचं सगळं भांडवल त्या कोंबण्यातच आहे आणि धोकाही.

कोकमातही एक फसवणूक असते, ती सरबताची. घरी करतो तेव्हा किलोभर सालींना दोन किलो साखर लागते. ते ‘पित्तशामक’ म्हणून दिवसाला तीन पेले रिचवणारी माणसं आमच्याच घरात आहेत. वजनासाठी कोकम हवं तर आगळ आणा, म्हणजे मीठ घालून काढलेला नुसता रस. साखर नाही. कोल्ड्रिंकऐवजी किंवा चारच्या गोड चहाऐवजी तो घेतला, तर फरक पडेल तो न घेतलेल्या साखरेमुळे.

बाटली आधीच फोडली असेल तर लेबल उलटून बघा. हेल्थ सप्लिमेंट म्हणून विकलेल्या बाटलीवर आपल्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा, एफएसएसएआयचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असायला हवा आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळही. पुढच्या बाजूला कंबर आवळलेली बाई आणि मागच्या बाजूला ही ओळ, दोन्ही एकाच डबीवर. गोळ्या घेताना अन्नावरची वासना गेली, मळमळलं, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या. ‘हर्बल आहे’ म्हणून ती लपवू नका.

भाचीनं गार्सिनियाची बाटली परत केली, ग्रीन कॉफीची सीलबंद नसल्यामुळे कुणी घेईना. आगळाचं प्रमाण तिनं विचारलंय म्हणून लिहिते: मोठा पेलाभर गार पाण्याला दोन चमचे, चिमूटभर जिरेपूड. वरून मीठ घालायचं नाही, ते आगळात भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी एकच चमचा.