उभ्या फळ्यांची भिंत: वरून पट्टी की खाचेत फळी?

बाहेरून उभ्या फळ्या लावायच्या हे ठरतं, पण ‘बोर्ड अँड बॅटन’ की ‘टंग अँड ग्रूव्ह’ इथे अनेकांचं घोडं अडतं. पहिल्यात रुंद फळ्यांमध्ये थोडी फट ठेवून तिच्यावर अरुंद पट्टी ठोकतात. दुसऱ्यात एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते.

खर्चात सहसा पहिला प्रकार हलका. त्याला साध्या कापीव फळ्या चालतात. खाचेच्या फळ्या मशीनवर काढाव्या लागतात आणि लाकूड नीट वाळलेलं हवं.

खरी मेख लाकडाच्या हालचालीत आहे. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, कोरड्यात आकसते. म्हणून पट्टीचा खिळा फटीतूनच मागच्या आडव्या आधारात जायला हवा. घाईत तो फळीतून मारला, की दोन्हीकडून जखडलेली फळी उभी चिरते. खाचेच्या जोडात खिळा जिभेतून तिरपा जातो, झाकला जातो. काम सफाईदार दिसतं. पण फळ्या ठासून बसवल्या तर फुगल्यावर भिंत पोट काढते.

दुरुस्ती? पट्ट्या उचकटून एकच फळी बदलता येते. खाचेतली बहुधा कापूनच काढावी लागते.

रंगाच्या डब्यावर लिहिलेली टिकण्याची वर्षं विसरा. दोन्हींत पाणी फळीच्या खालच्या कापीव टोकातून वर चढतं. तिथे आधी प्रायमर लावा आणि टोक जमिनीपासून वीतभर वर ठेवा.

बेताचं बजेट, स्वतः ठोकाठोक, पाऊस झोडपणारी बाजू: बोर्ड अँड बॅटन. आडोशाची भिंत, सपाट रूप आणि हात बसलेला सुतार असेल तर टंग अँड ग्रूव्ह.