सर्व्होची केबल: कंपनीची, बाहेरच्या ब्रँडची की बांधून घेतलेली?

सीएनसी मशीनची केबल गेली की बेळगावच्या उद्यमबागेत आधी विचारतात, मशीन कधी चालू होणार. कोटेशन हातात पडलं की मग, "नुसत्या वायरला एवढे पैसे?" मच्छे, काकती-होनग्यापासून तिकडे कागल, गोकुळ शिरगावपर्यंत जॉबवर्कवाल्यांची तक्रार हीच. मशीन कंपनी म्हणते, आमचीच लावा, नाहीतर वॉरंटी विसरा. ओळखीचा वायरमन म्हणतो, "मालक, आत तांबंच की हो, संध्याकाळपर्यंत बांधून देतो." दोघांचंही अर्धं खरं आहे, पण वेगवेगळ्या केबलबद्दल.

सर्व्हो मोटर म्हणजे मशीनचा ॲक्सिस अचूक हलवणारी मोटर. तिला बहुधा दोन केबल येतात, एक पॉवरची आणि एक फीडबॅकची, म्हणजे मोटर कुठे आहे ते परत कळवणारी.

पॉवरचं आधी उरकू. ड्राइव्हमधून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या पॅनलमधल्या युनिटमधून निघणारं व्होल्टेज हेस्कॉमच्या विजेच्या लाईनसारखं नसतं. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे ते पल्स असतात. 415 व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या आत डीसी सुमारे 580 व्होल्ट असतं आणि केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाला पल्स त्याच्या जवळजवळ दुप्पट उसळी घेऊ शकतो. कंपनी केबलची कमाल लांबी लिहून देते ती यासाठी. शिवाय आजूबाजूच्या वायरींना त्रास होऊ नये म्हणून आयईसी 61800-3 प्रमाणे ड्राइव्हची चाचणी होते, ती ठरावीक शिल्ड (आतून धातूची जाळी असलेली) केबल, ठरावीक लांबी लावूनच. दुसरी केबल लावली की त्या चाचणीच्या कागदाला कंपनी बांधील राहत नाही. इथवर त्यांचं म्हणणं रास्त. पण तेवढ्याच जाडीची, चांगल्या जाळीच्या शिल्डची चार-कोर केबल लॅपसारखे केबलवाले बनवतातच, आणि लॅपचा कारखाना बंगळूरजवळ जिगणीला आहे. एका जागी पडून राहणाऱ्या पॉवर केबलवर कंपनीच्या नावाचा छाप हवाच, हा आग्रह मला धंद्याचा वाटतो.

फीडबॅकचं तसं नाही. इथे मी कंपनीच्या बाजूने आहे.

मोटर किती फिरली ते ड्राइव्हला सांगणाऱ्या एन्कोडरला बहुधा 5 व्होल्ट सप्लाय लागतो आणि पुष्कळ एन्कोडर त्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत, म्हणजे 4.75 च्या खाली गेलं की संपलं. समजा केबल 10 मीटर आहे आणि एन्कोडर 0.2 अँपिअर ओढतो. बांधून देणाऱ्याने सगळे कोर 0.2 चौरस मिमीचे घेतले, तर जाऊन-येऊन सुमारे 0.34 व्होल्ट वाटेतच जातात. टोकाला उरतात 4.66. कंपनीच्या केबलमध्ये सिग्नलच्या जोड्या बारीक आणि पिळलेल्या, पण सप्लायच्या दोन वायरी जाड असतात. 0.5 चौरस मिमी घेतली तर तीच घट सुमारे 0.14 वर येते. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात.

कनेक्टर उघडून बघा. बांधलेल्या केबलमध्ये पुष्कळदा शिल्डची जाळी सोडवून, शेपटीसारखी पिळून एका पिनला सोल्डर केलेली सापडते. चांगल्या केबलमध्ये जाळी उलटी वळवून धातूच्या बॉडीला चहूबाजूंनी आवळलेली असते. शेपटीवाली मल्टिमीटरवर "ओके" दाखवते, मशीन चालतंही. मग स्पिंडल वेगाने उचलला की एन्कोडरचा अलार्म. रीसेट केला की गायब. वायरमनला बोलावलं तर तो आल्यावर अलार्म हमखास येत नाही.

काही कंपन्यांनी वाटच बंद केली आहे. सीमेन्सच्या ड्राइव्ह-क्लिकमध्ये मोटर आणि ड्राइव्ह डिजिटल भाषेत बोलतात, आणि मूळचीच केबल वापरा असं सांगितलेलं असतं. तिथे वाद घालू नये.

आता केबल ड्रॅग चेनमधून, म्हणजे ॲक्सिसबरोबर हलणाऱ्या केबलच्या साखळीतून जात असेल तर. ॲक्सिस दिवसभर पुढे-मागे होतो, केबल प्रत्येक फेरीला वाकते. साध्या पीव्हीसी केबलचं आवरण तेल-कूलंटने कडक होतं, आतले कोर तुटतात आणि टेबल एका ठरावीक जागी आलं की फॉल्ट येतो. मशीन थांबवून कंटिन्युइटी तपासली तर सगळं बरोबर, कारण तुटलेली टोकं त्या वेळी एकमेकांना टेकलेली असतात. चेनसाठी अति-बारीक तारांचा, म्हणजे क्लास 6 चा कंडक्टर आणि पीयूआरचं (पॉलीयुरेथेनचं) आवरण मागावं. इगसची चेनफ्लेक्स किंवा लॅपची सर्व्हो मालिका असल्याच कामासाठी आहे. वेगवेगळ्या ड्राइव्ह कंपन्यांच्या पिनजोडणीप्रमाणे कनेक्टर लावलेल्या तयार केबलही मिळतात. कंपनीची महाग वाटत असेल तर दुसरा पर्याय हा. नुसती वायर आणून घरी सोल्डर करणं हा पर्याय मी धरतच नाही, फीडबॅकला तर मुळीच नाही.

वॉरंटीत असलेल्या मशीनला कंपनीचीच केबल घ्या, महाग पडली तरी. ड्राइव्ह जळाला तर सर्व्हिस इंजिनीअर आधी केबलवरचा छाप बघतो, आणि मग तुमचं बरोबर असूनही चिठ्ठ्या लिहीत बसावं लागतं. वॉरंटी संपली असेल तर पॉवर केबल बाहेरच्या चांगल्या ब्रँडची घ्या, चेनमधली फीडबॅक तयार कनेक्टरसकट, कंपनीची किंवा त्याच दर्जाची. वायरमनकडून पॅनलमधल्या लिमिट स्विचच्या, सोलेनॉइडच्या वायरी खुशाल बांधून घ्या, त्यात तो कंपनीपेक्षा हुशार असतो.

ऑर्डर देताना जुन्या केबलवरचा पार्ट नंबर, मोजलेली लांबी आणि दोन्ही टोकांच्या कनेक्टरचे फोटो पाठवा. पुढच्या खेपेला कामी येईल म्हणून चार मीटर जास्त मागवून पॅनलमध्ये वेटोळं करून ठेवू नका.

आणि जुनी फीडबॅक केबल ओढून काढायच्या आधी पॅरामीटरचा बॅकअप घ्या, ॲक्सिसवर खूण करा. ॲब्सोल्यूट एन्कोडरला (वीज गेली तरी जागा लक्षात ठेवणाऱ्या) बॅटरी ड्राइव्हकडून केबलमधूनच येत असेल तर केबल निघाली की होम पोझिशन, म्हणजे ॲक्सिसची मूळ जागा, जाते, आणि ती परत बसवायचं बिल निराळं येतं.