जुन्या नाशकातला तबलेवाला चाचा: पुडी झकास, पण चार दिवसांचे अकरा दिवस

आधीच सांगते, दुकानाला पाटी नाही त्यामुळे नाव विचारू नका, मलाही माहीत नाही. दहीपुलाकडून भद्रकालीच्या बाजूला येताना एका बोळात वर ढोल टांगलेले दिसतात आणि खाली एक चाचा मांडी घालून बसलेले असतात, तेच दुकान. चारचाकी नेऊ नका, अक्षरशः रडाल. मी स्कूटीवर गेले, पायात डग्गा (जोडीतला डावा, मोठा) आणि पाठीला सॅकमध्ये तबला, तरी शेवटचं अंतर गाडी ढकलतच नेली.

तर मामला असा की माझ्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं ताणलेलं चामडं, गेली. गेली म्हणजे शाईचे (मधल्या काळ्या गोलाचे) बारीक टवके उडायला लागले, तिट हा बोल वाजवला की बोटाला काळं लागायचं आणि ना हा बोल लावला की टणक्कन् न वाजता फट्ट असा आवाज. तबला सेकंडहँड घेतलेला, आठच महिने झालेले. मला वाटलं विकणाऱ्याने गंडवलं. (नंतर कळलं की गंडवणारी मीच होते, सांगते पुढे.)

आता आठ महिन्यात पुडी कशी गेली तर त्याला माझं वेड कारण आहे. झाकीरभाई (तबलावादक झाकीर हुसेन) गेले ना, १५ डिसेंबर २०२४ ला, त्या आठवड्यात मी रोज रात्री त्यांचे व्हिडिओ बघत बसायचे आणि जानेवारी उजाडला तसा सरळ क्लास लावला. वय ४१, नोकरी बँकेत काउंटरला, घरात कोणी कधी टाळसुद्धा हातात घेतलेला नाही. पहिल्या महिन्यात बोटं सुजली, दुसऱ्या महिन्यात धाधा तिट धाधा तिना हा पहिला कायदा (ठरलेल्या बोलांची रचना) जरा जमायला लागला आणि तिसऱ्या महिन्यापासून जे काय झालं ते मलाच कळेना, हात थांबेचनात. सकाळी चहाला आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत ओट्यावर तिट तिट. कणीक मळताना परातीवर. सिग्नलला स्कूटीच्या हँडलवर. काउंटरला स्लिपवर शिक्का मारायचा तर एकदा मारून हात थांबायचाच नाही, एक आजोबा म्हणाले मॅडम एवढे शिक्के कशाला, पैसे तर दोनच हजार भरलेत. सासूबाई म्हणतात पोळपाटाचा आवाज आला की मी समजते आज पोळ्या कच्च्या राहणार. आणि रात्री साडेदहाला सगळं आवरलं की तबल्यावर नॅपकिन टाकून अर्धा तास, तो अर्धा तास कधी सव्वा बारापर्यंत जायचा ते कळायचं नाही. खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले की फक्त हसतात, बोलत काही नाहीत, ते जास्त लागतं.

मध्ये एक ऑनलाईन प्रॅक्टिस पॅड पण मागवून झाला, रबराचा, आवाज होत नाही म्हणे. आवाज होत नाही हे खरंय पण वाजवल्यासारखंही काही होत नाही. आता तो मिक्सरखाली आहे, मिक्सर हलत नाही.

असो, दुकान. मी पोचले ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे मुहूर्त चुकलाच, कारण गणपती २७ ला होते आणि नाशकात गणपतीच्या आधी ढोलवाल्याकडे जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे जाणं. पथकांच्या पोरांची रांग, ढोलाची पानं बदलायची, दोऱ्या ताणायच्या, एक जण मोबाईलवर ओरडतोय, बाहेर पाऊस. मला चाचांनी बघितलं, तबला बघितला आणि पहिला प्रश्न, "मुलाचा आहे का ताई?" म्हटलं नाही, माझा. त्यांनी मान वर केली, परत खाली घातली, एक स्टूल पुढे सरकवलं आणि रांगेतल्या पोरांना म्हणाले थांबा रे जरा. ह्या एका गोष्टीसाठी अर्धा स्टार जास्त देते.

आता जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तबला मांडीवर घेतला, वाजवला नाही. फिरवला. अंगठ्याने शाईच्या मधोमध दाबून बघितलं, मग चाटेवर (काठाच्या पट्टीवर) नख फिरवलं, मग पुडी नाकाजवळ नेऊन चक्क वास घेतला. आणि तीन गोष्टी बोलले. एक, "बाल्कनीत ठेवता का, ओल लागलीय." (गॅलरीतच ठेवते हो, आत जागा कुठंय.) दोन, "ही पुडी काळी एकची आहे, तुम्ही ओढून ओढून काळी दोनला नेलीय, चामडं आहे ते, रबर नाही." (काळी एक, काळी दोन म्हणजे पेटीवरच्या पट्ट्या, दोन वरची.) हे पण खरं, ॲपवरचा जो लेहरा (ताल धरायला मागे फिरत राहणारी धून) मला आवडतो तो त्या पट्टीत होता, मग मी रोज गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारून तबला त्याला मिळवायचे, लेहऱ्याची पट्टी ॲपमध्ये खाली करता येते हे डोक्यातच आलं नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, ते बोट ठेवून दाखवायला लागले, शाई बरोबर मधोमध खाल्लेली, चाट एका जागी एक इंचभर कापली गेलेली, आणि दोन्हीच्या मधली लव (उघडं चामडं) कोरी करकरीत, जशी दुकानातून आली तशी. म्हणाले, "तिट आणि ना, तिट आणि ना. बाकी काही शिकवलं नाही का सरांनी?"

मला तिथे त्या ढोलवाल्या पोरांसमोर इतकं कानकोंडं झालं की बस. शिकवलंय ना. पेशकार (सुरुवातीला वाजवायची संथ रचना) शिकवलाय, एक तिरकिटचा कायदा शिकवलाय, तीन वह्या भरल्यात. पण रात्री बसले की हात जातात त्या पहिल्याच कायद्यावर, कारण तो येतो, आणि येणारी गोष्ट वाजवायला जी मजा येते ती न येणारी वाजवायला येत नाही, सरळ हिशोब आहे. मी घरी सगळ्यांना सांगायचे रोज दोन तास रियाज करते. चाचांनी दोन मिनिटात चामड्यावर वाचून दाखवलं की बाई एकच गोष्ट आठ महिने वाजवतीय.

मग दर. नवी पुडी १६००, बसवणावळ आणि सुरात लावायचे मिळून ४००, वाद्या (पुडी ताणून धरणाऱ्या चामडी पट्ट्या) ठीक होत्या म्हणून त्याच ठेवल्या, गठ्ठे (त्यांच्याखालचे लाकडी ठोकळे) दोन बदलले त्याचे पैसे घेतले नाहीत. बिल मिळत नाही, यूपीआय चालतं, क्यूआर कोड भाच्याच्या नावावर आहे तेव्हा नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका. मी सवयीने वॉरंटी विचारली तर म्हणाले, "ताई, चामड्याची वॉरंटी बकरापण देत नाही." डग्ग्याची पुडी अजून वर्ष जाईल म्हणाले, उगाच बदलायला लावली नाही, हेही लिहून ठेवते. चार दिवसांनी या म्हणाले.

इथून माझी तक्रार सुरू. चार दिवसांनी गेले तर पुडी अजून भिजवलेलीसुद्धा नाही. परत तीन दिवसांनी गेले तर बसवलीय पण पावसामुळे वाळली नाहीये, ओली असताना ताणली तर सूर राहणार नाही. हे कारण खरं असेल, आठवडाभर झड लागलेलीच होती, पण मग आधीच सांगा ना दहा दिवस म्हणून. फोन उचलत नाहीत, उचलला तर मागे ढोल. शेवटी अकराव्या दिवशी मिळाला.

ते अकरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आधी उशीवर वाजवून बघितलं, मग तूरडाळीच्या डब्यावर, त्याचा आवाज बरा येतो पण डब्यात डाळ किती आहे त्यावर पट्टी बदलते. गुडघ्यावर वाजवून वाजवून मांडी हुळहुळली. नवरा म्हणाला अगं जरा हात धुऊन शांत बस, मी म्हणलं बसले असते रे, बसता येत नाहीये. सरांना फोन केला तर त्यांना जणू आनंदच झाला, म्हणाले छान, आता पढंत करा, हाताने टाळी द्या आणि तोंडाने कायदा म्हणा, पलट्यांसकट (पलटे म्हणजे कायद्याचेच बोल फिरवून केलेले प्रकार). म्हटलं सोपंय. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालता चालता सुरू केलं, मूळ कायदा फटाफट, पहिला पलटा ठीक, दुसऱ्याला अडखळले, आणि तिसरा पलटा मला माहीतच नाही! म्हणजे हात वाजवायचे काहीतरी, सोळा मात्रांना समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन धाडकन पडायचे आणि मला वाटायचं वाजतंय. तोंडाने म्हणायला गेलं की जीभ म्हणते पुढे काय ते सांग. समोरून येणाऱ्या एक काकू थांबून म्हणाल्या बरं वाटतंय ना तुम्हाला. आठवडाभर त्या ट्रॅकवर मी धाधा तिट करत फिरले, लोक बाजूने वळसा घालून जात होते. पण पाच पलटे पाठ झाले, हे मात्र झालं.

एक दिवस मध्ये मुद्दाम तासभर दुकानात जाऊन बसले (तबला मिळेना तर निदान बघायला मिळावा, एवढी हालत) तेव्हा चाचा दुसऱ्या एका पुडीवर शाई चढवत होते. हे एकदा बघाच. लोखंडाची काळी पूड आणि भाताची खळ यांचा लगदा, त्याचा नखाएवढा गोळा मधोमध थापायचा, बोटाने गोल पसरायचा आणि मग गुळगुळीत दगडाने घासायचं, घासायचं, घासायचं, तो थर वाळेपर्यंत, मग वर दुसरा थर जरा लहान, परत घासायचं. दगडाचा सर्र सर्र आवाज एका लयीत, पाऊण तास, आणि चाचा त्या वेळात बोळातल्या निम्म्या लोकांशी गप्पा मारतात पण हाताची लय हलत नाही. घासून घासून शाईला केसासारख्या बारीक भेगा पडतात, त्या पडायलाच पाहिजेत, भेगा नाही पडल्या तर शाई दगडासारखी बसते आणि पुडी बोलत नाही. मी इतके दिवस भेगा दिसल्या की शाई खराब समजायचे. साध्या चामड्याच्या वाद्यातून नुसता धप्प आवाज येतो, त्याला सूर असा नसतो, ह्या शाईच्या वजनामुळे वरची कंपनं मूळ सुराशी जुळून येतात म्हणून तबला सुरात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ह्यावर लिहिलं होतं, हे मला लेकीने सांगितलं, तिला फिजिक्सच्या सरांनी. चाचांना सांगितलं तर म्हणाले असेल.

तबला घ्यायला गेले त्या दिवशी त्यांनी समोर बसवून सुरात लावला. गजऱ्यावर वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो एवढं मला येत होतं, पण मी आपली हाताशी येईल त्याच बाजूला ठोकत बसायचे. ते समोरासमोरची घरं (गजऱ्यावरच्या वाद्यांमधल्या जागा) धरून गेले, एक इकडचं की लगेच पलीकडचं, सोळा घरं, प्रत्येकाला एकदा ना वाजवून कान लावायचा. शेवटी बोट उचललं आणि तो ना इतका वेळ घुमत राहिला की बोळातला चहावालापण वळला. मग तबला माझ्यापुढे सरकवला, वाजवा. मी बसले आणि हात कुठे गेले असतील? धाधा तिट धाधा तिना. दोन आवर्तनं झाली आणि चाचांनी पुडीवर तळवा ठेवला. "हा ऐकला मी," म्हणाले, "जुन्या पुडीवर दिसत होता. दुसरं काही?" मी पेशकार सुरू केला, चौथ्या मात्रेला अडकला, परत सुरू केला, परत अडकला, पोरं हसायला लागली तर त्यांनाच झापलं, हसता काय, तुम्हाला दोन काड्यांच्या पुढे काय येतं. मग मला म्हणाले दर पंधरा दिवसांनी तबला चुंबळीवर जरा फिरवून ठेवत जा, ना एकाच जागी बसायला नको.

तर रेटिंग. काम पाचपैकी पाच, वेळ पाळण्यात दीड, बोलणं तुमच्या तब्येतीवर आहे, लागट वाटू शकतं. एकूण साडेतीन आणि तो स्टुलाचा अर्धा, चार झाले. गणपतीच्या आधीचा महिना चुकूनही जाऊ नका, नवरात्रानंतर जा. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, एरवी अकरानंतर उघडतं. पावसात नेणार असाल तर तबला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुन्या चादरीत बांधून वरून रेनकोट घाला, मी माझा रेनकोट तबल्याला घातला आणि स्वतः भिजत आले. आणि निघताना सामान मोजून घ्या, माझी एक चुंबळ तिथेच राहिलीय, लाल कापडाची, कोणी जाणार असेल तर चाचांना आठवण करा.