बुकस्टॅक : नऊ महिने वापरल्यावर, मकरपुऱ्याच्या एका पॅनल कारखान्यातून

ऑफिसातली माहिती एका जागी ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचं, यावर आमच्याकडे मोठी मीटिंग वगैरे झाली, पण खरं कारण एकच होतं, आमचे टेस्टिंगचे काका रिटायर व्हायचे होते. वडोदऱ्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं कंट्रोल पॅनलचं (मशीन चालवणाऱ्या विजेच्या बोर्डांचं) काम, मी सर्व्हिस कोऑर्डिनेशन बघते, म्हणजे साइटवरून फोन आला की तो आधी मला येतो आणि मी काकांकडे पळते. कुठल्या कस्टमरच्या पॅनलमध्ये कुठली वायर ऐन वेळी बदलली होती ते ड्रॉइंगमध्ये नाही, काकांच्या डायरीत आहे, आणि डायरीतलं अक्षर फक्त काकांना लागतं.

याआधी एक पैसेवालं टूल वापरून झालं होतं, नाव घेत नाही. माणशी दरमहा पैसे, म्हणून साहेबांनी आठच लॉगिन घेतले आणि ते सगळे केबिनवाल्यांना. म्हणजे ज्यांना काही माहितीये ते बाहेर आणि ज्यांना माहिती नाही ते आत. वर्षभरात त्यात दिवाळीच्या सुट्ट्यांची यादी आणि ट्रॅव्हल अलाउन्सचा फॉर्म, एवढंच जमा झालं.

मग बुकस्टॅक. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, एमआयटी लायसन्स (फुकट वापरा, बदला), 2015 पासून चालू आहे, पीएचपी ही प्रोग्रामची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, त्यामुळे आमच्या आयटीच्या मुलाने एका जुन्या डेस्कटॉपवरच बसवून दिलं. लॉगिन कितीही द्या, पैसे लागत नाहीत, आणि माझ्या मते नव्वद टक्के फरक इथेच पडला.

रचना अगदी घरगुती आहे, शेल्फ, त्यात बुक, बुकात चॅप्टर, चॅप्टरमध्ये पेज, बस, याच्या खाली जाताच येत नाही. सुरुवातीला डिझाइनवाले कुरकुरले की आम्हाला फोल्डरात फोल्डर पाहिजे, पण मला हेच आवडलं, कारण फोल्डरात फोल्डर करून करून त्यांनी सर्व्हरवर काय करून ठेवलंय ते मी बघितलंय. एकच बुक दोन शेल्फांवर ठेवता येतं हेही सोयीचं. तसंही कपाटं आणि पुस्तकं बडोदेकरांना काय नवीन, सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर लायब्ररी उभ्या केल्या, पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली. या पेट्या पुढे परत येतील.

आता त्रास सांगते. पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर काढलेले फोटो अपलोडच होईनात, सगळे म्हणाले टूल बेकार. टूल बेकार नव्हतं, पीएचपीची मूळ अपलोड मर्यादाच 2 एमबी असते आणि आजकाल फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा, ती सेटिंग आमच्या मुलाने वाढवलीच नव्हती. नंतर त्यानेच राउटर बदलताना सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला आणि आधीचे सगळे फोटो गायब, कारण पेजमध्ये फोटोचा पूर्ण पत्ता साठवलेला असतो. पत्ता बदलायची एक कमांड आहे, ती चालवली की ठीक होतं, पण ते कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत "आमचं व्हॉट्सॲपच बरं होतं" हे किती वेळा ऐकलं विचारू नका. बॅकअपचंही तेच, नुसता डेटाबेस उचलून चालत नाही, अपलोडचे फोल्डर आणि सेटिंगची फाइलसुद्धा पाहिजे.

पण हे सगळं किरकोळ. खरी अडचण ही की कोणी लिहीतच नाही! काकांना लॉगिन दिला, कीबोर्ड दिला, साहेबांनी स्वतः सांगितलं, काका म्हणाले, "अगं, मी लिहीत बसलो तर पॅनल कोण टेस्ट करणार?" आणि बरोबरच आहे ने, ज्याला येतं त्याला ते आपल्याला येतं हेच वेगळं जाणवत नाही, तो हात लावतो आणि होऊन जातं. दोन महिने शेल्फ रिकामी. मग उलटं केलं, नवीन ट्रेनी मुलीला काकांच्या शेजारी उभी केली, तिने बघायचं, विचारायचं, संध्याकाळी पेज लिहायचं, आणि प्रिंट काढून काकांपुढे ठेवायची. चुकीचं लिहिलेलं दिसलं की मात्र काका गप्प बसू शकत नाहीत. रिकामं पान कोणी भरत नाही, पण चुकलेलं पान दुरुस्त करायला सगळे धावतात.

यातलाच एक किस्सा, केबलच्या शील्डचा, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीचा, जी अर्थ करायची म्हणजे अर्थिंगला जोडायची असते. ट्रेनीने लिहिलं, "केबलची शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे केली तर सिग्नल हलतो." काकांनी वाचून मान डोलावली, पेज पास. महिन्याने साइटवरच्या आमच्या मुलाने तेच पेज वाचून ड्राइव्हपासून (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) मोटरकडे जाणाऱ्या केबलची शील्डही एकाच टोकाला जोडली, आणि शेजारची सगळी मोजमापं नाचायला लागली. ते वाक्य मोजमाप आणणाऱ्या 4 ते 20 मिलीॲम्पच्या सिग्नल केबलसाठी होतं, ड्राइव्हच्या मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना, तीही चांगली गोल पकडून अर्थ करायची असते. काकांच्या डोक्यात "कुठली केबल" हे गृहीतच होतं, म्हणून वाचताना त्यांना काही खटकलंच नाही. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पेजची पहिली ओळ "हे कशाला लागू आहे आणि कशाला नाही" अशी असते. ही सोय कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही.

पेज पास करायची मंजुरीची पायरी यात नाही, जो एडिट करू शकतो त्याचं सेव्ह केलं की लगेच दिसतं. आम्ही टॅग लावतो, "तपासलं" समोर हो किंवा नाही, आणि नाहीवाले शनिवारी शोधून काढतो. जुन्या आवृत्त्या राहतात, कोणी काय बदललं ते दिसतं, यावरून दोन भांडणं मिटली आणि एक नवीन सुरू झालं. दोघांनी एकदम तेच पेज उघडलं तर सूचना येते, पण एकत्र टाइप करता येत नाही.

सर्च चांगला आहे पण तो काय मन वाचत नाही. आमच्याकडे कोणी गुजरातीत लिहितं, कोणी हिंदीत, मी मराठीत, वायरमन इंग्रजी अक्षरांत गुजराती, मग "अर्थिंग" शोधलं की चौथा भागच सापडतो. उपाय म्हणून फॉल्ट कोड आणि पॅनल नंबर टॅगमध्ये टाकतो, आकड्यांना भाषा नसते.

आणि त्या पेट्या, म्हणजे पुस्तकच माणसापर्यंत न्यायचं. मशीनवरून उठून कॉम्प्युटरपर्यंत कोणी येत नाही, म्हणून प्रत्येक टेस्ट बेंचवर क्यूआर कोड चिकटवला, फोन लावला की त्याचंच पेज उघडतं. बाहेरच्या साइटसाठी बुकचं पीडीएफ काढून पाठवतो. यानंतरच खालची माणसं वाचायला लागली. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत संस्थेच्या ज्ञानावर 7.1.6 असं कलमच आहे, यंदा ऑडिटरने त्यावर विचारलं तेव्हा मी नुसता फोन पुढे केला, साहेब खूश, मला सेव उसळ मिळाली.

काका मार्चमध्ये रिटायर झाले. शनिवारी चष्मा लावून येतात, प्रिंटवर लाल पेनने खुणा करतात, ट्रेनी त्या आत टाकते. गेल्या शनिवारी एका पूर्ण पानावर आडवी रेघ मारून "असं नाही" एवढंच लिहून गेले, आता कसं ते विचारायला परवा त्यांच्या घरी जायचंय.